शेपटाचा नमस्कार

सकाळी सव्वादहाला उड्डाण करताना विमानाचं शेपूट धावपट्टीला घासलं, आणि नमस्कार न करताच ते निघून गेलं म्हणून धावपट्टीने त्याला परत उतरू द्यायला नकार दिला.

शेपटाखालचा पत्रा फाटला होता, त्यामुळे परत येणं भाग होतं. विमान जवळच्या पल्ल्याचं. आत अडुसष्ट प्रवासी आणि पन्नास मिनिटांचं इंधन.

विमानतळ अधिकारी हेरंब पेंडसे वायरलेस घेऊन धावपट्टीवर गेले. तिच्याशी बोलताना बूट काढण्याची पद्धत आहे. त्यांनी बूट काढले.

"तुम्ही मध्ये पडू नका, हेरंबराव," धावपट्टी म्हणाली. "चाकं रोजचीच, त्यांचं मी मनावर घेत नाही. हे शेपूट होतं. चुकून कुणाला पाय लागला तरी माणसं थांबून नमस्कार करतात. यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"वेगात होतं ते."

"वेगात सगळेच असतात."

पेंडशांनी लेखी दिलगिरी देऊ केली. धावपट्टी म्हणाली, तिला कागद नको, नमस्कार हवा.

कॅप्टन रेवती घोरपडे वरून म्हणाल्या, "नाक खाली करून नमस्कार करता येईल, पण एवढ्या कमी उंचीवर केला तर तो साष्टांग होईल."

शेजारच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीला विचारलं. थोरल्या बहिणीच्या शब्दाबाहेर आपण नाही, असं तिने कळवलं.

वीस मिनिटांचं इंधन उरलं तेव्हा धावपट्टी थोडी नरमली. शेपटाला वाकता येत नसेल तर शेपटाकडच्या शेवटच्या रांगेने त्याच्या वतीने वाकावं, असं तिने सुचवलं.

शेवटच्या रांगेत दोघंच होते. निवृत्त मुख्याध्यापक यशवंत टिल्लू आणि त्यांच्या पत्नी सुधाताई. सुधाताईंनी लगेच विमानाच्या जमिनीला हात लावून कपाळाला लावला.

"एकीचा पोचला," धावपट्टी म्हणाली. "दुसरा?"

टिल्लू सरांनी आधी धावपट्टीचं वय विचारलं. खालून उत्तर आलं, त्रेपन्न.

"मी एकाहत्तर. धाकट्यांना मी नमस्कार करत नाही. आशीर्वाद हवा असेल तर देतो."

"मग घाला म्हणावं घिरट्या," धावपट्टी म्हणाली.

"अहो, जन्मभर पोरांना वाकायला लावलंत," सुधाताई म्हणाल्या. "एकदा स्वतः वाकलात तर कंबर मोडणार नाही."

"प्रश्न कमरेचा नाही, सुधा. ज्येष्ठतेचा आहे."

पुढच्या रांगांतल्या लोकांनी माना वळवून पाहिलं, पण सरांना कुणी काही बोललं नाही. त्यांच्यापैकी निम्मे सरांचे विद्यार्थी होते.

पेंडशांना सरांचं म्हणणं पटलं. नोकरीत त्यांनी ज्येष्ठता यादीवरून याहून मोठी भांडणं पाहिली होती. ते धावपट्टीजवळ उकिडवे बसले.

"बाई, तुमचं वय डांबराचं धरायचं की खालच्या जमिनीचं?"



"जमिनीचं आजवर कुणी विचारलंच नाही," धावपट्टी म्हणाली.

"किती असेल?"

"मोजलं नाही. समोरचा डोंगर आला तेव्हा मी इथेच होते."

पेंडशांनी हे वायरलेसवर कळवलं आणि कॅप्टननी ते सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"हे आधी सांगायला हवं होतं," टिल्लू सर म्हणाले. त्यांनी पट्टा सोडला, चष्मा खिशात ठेवला आणि दोन्ही हात टेकून नीट वाकले.

"पोचला," धावपट्टी म्हणाली. "या आता."

विमान उतरलं तेव्हा सहा मिनिटांचं इंधन शिल्लक होतं. चाकं टेकली. शेपूट हातभर अंतर राखून अदबीने वरून गेलं.

"शतायुषी हो," धावपट्टी त्याला म्हणाली.

कारखान्याच्या कागदांत या विमानाचं आयुष्य पंचवीस वर्षं दिलेलं होतं. दुपारी पेंडशांनी ते खोडून शंभर केलं आणि खाली सही केली.