उजेडाकडे सरकणाऱ्या कणांबाबत निवेदन

जगातला कोणताही लहान कण स्वतःच्या मर्जीने हलत नाही. योग्य वेळी योग्य जागी उजेड पडावा लागतो. हे सिद्ध करायला मी आमच्या भिलाईच्या मराठी मंडळाच्या विज्ञान स्पर्धेत उतरले. पहिला नंबर आला तर नागपूरच्या विज्ञान शिबिरात जागा. जागा एकच, आणि ती मला हवीच होती.

प्रयोग सोपा. प्रांजलीताईच्या कॉलेजातून मागून आणलेल्या दोन काचा, मधे पाण्याचा थेंब, थेंबात पावाचं यीस्ट. काचांना वीज जोडायची. खालच्या काचेला असा थर आहे की जिथे उजेडाचा ठिपका टाकाल तिथेच विजेचा जोर वाढतो, आणि यीस्टच्या पेशी तिकडे सरकतात. सूक्ष्मदर्शकातून स्वच्छ दिसतं. (घरी अकरा वेळा दिसलं. बाबा म्हणाले, आता बाराव्यांदा कावून करून राहिली?)

परीक्षक समिती सतरा जणांची. सर्व मान्यवर, सर्व अनुभवी. अध्यक्ष आनंदराव काका माझ्या टेबलाशी वाकलेच होते, तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले आणि फोटोवाल्या मोनूने आपला मोठा लाइट लावला.

पुढील नोंदी घड्याळ लावून घेतल्या आहेत. तीन सेकंदांत सतरापैकी चौदा मान्यवर उजेडात सरकले. हा वेग माझ्या यीस्टला कधीच जमला नाही. उरलेल्यांत एकांचा गुडघा दुखत होता, एकांच्या हातात समोसा होता (तो संपताच तेही गेले), आणि शीलाकाकू आधीपासूनच तिथे उभ्या असल्याने त्यांना सरकलेल्यांत धरलेलं नाही. मोनूने लाइट डावीकडे नेला, समिती डावीकडे. उजवीकडे आणला, समिती उजवीकडे. या वैज्ञानिक हालचालीत कुणाच्या तरी पायाने माझी वायर निघाली.

परत आल्यावर काका बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून राहिले.

"हे तं जागचं हलूनच नाही राहिलं, बेटा."

"काका, वायर निघाली. दोन मिनिटं द्या ना मले."

"आमाले टाइम कुठं आहे? नाश्ता थंडा होऊन राहिला."

शेरा लेखी मिळाला: 'उजेडामुळे काही हलते, असा पुरावा समितीस आढळला नाही.' शिबिराची जागा थर्माकोलच्या ब्लास्ट फर्नेसला गेली. (तीही हलत नाही, पण तिच्यासोबत फोटो छान येतो.)

मी रीतसर अपील केलं. पुरावा म्हणून मोनूने तिसऱ्या सेकंदाला काढलेला फोटो जोडला: उजेड एक, कण चौदा, प्रत्येकावर बाण. उत्तर आलं की अपील वाचायचं राहिलं, पण फोटो सर्वांना आवडला; फक्त सहाव्या बाणाखालचं तोंड अर्धं कापलंय, तेवढं दुरुस्त करावं.

दुरुस्त केलेला फोटो मंडळाच्या याच अंकात रंगीत पानावर आहे. पान नंबर देत नाही. अंक हातात पडताच तुम्ही आधी तिथेच गेलात, स्वतःला शोधलंत, आणि मग इकडे आलात. दुसऱ्या अपिलात पंधरावा कण म्हणून तुमचं नाव टाकलं आहे.