दोन्ही वेळी थांबणारं फाटक

तीन वर्षांपूर्वी मी सासऱ्यांचे कष्ट वाचवायचं ठरवलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आम्ही मलेशियात, इपोहला सासऱ्यांच्याच घरात राहतो. मी हातमोज्यांच्या कारखान्यात देखभालीला आहे. विजेवर आत-बाहेर सरकणारे चाळीस दांडे माझ्या हाताखाली काम करतात. (माणूस एकही नाही.) संध्याकाळी मी गाडीचा हॉर्न वाजवला की सासरे चपला फरफटत यायचे, फाटकाची दोन्ही दारं ढकलायचे आणि विचारायचे, "जेवलास का?" पंच्याहत्तरीचा माणूस. मला लाज वाटायची. म्हणून एका रविवारी मी दोन्ही दारांना एकेक दांडा बसवला, कुठवर सरकायचं त्याची हद्द ठरवली, जोर बेताचा ठेवला आणि रिमोट त्यांच्या हातात दिला.

"माझ्या हातांना काय धाड भरलीय?" ते म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात फाटकानं त्यांची सायकल दाबली. मग मी दोन्ही खांबांवर एकेक चकचकीत काळा सेन्सर लावला. मध्ये काहीही आलं तर फाटक मिटतानाही थांबेल आणि उघडतानाही, असं सेटिंग केलं. (उघडतानाची काही गरज नव्हती. पण मी जावई होतो.) सासरे त्यानंतर फाटकाकडे फिरकलेच नाहीत. मी आत यायचो तेव्हा ते टीव्हीसमोर असायचे, आणि जेवलो का ते कुणी विचारायचं नाही.

गेल्या महिन्यात ते गेले.

तीन दिवस शवपेटी घरात होती. भेटायला येणाऱ्यांसाठी मी फाटकाचं एक दार उघडून ठेवलं. बंद दाराला फुलांची चक्रं टेकवली. घरात पेटी असली की तोंड दिसेल अशा प्रत्येक वस्तूवर लाल कागद चिकटवायचा असतो. ते काम आत्यांनी, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीनं, स्वतःकडे घेतलं. आरसे झाले, टीव्ही झाला, माझ्या मोटरसायकलचे आरसेसुद्धा झाले.

निघायची वेळ पुजाऱ्यांनी काढून दिली होती: अकरा ते सव्वाअकरा. चुकली की घराला लागते, असं आमच्यात मानतात. पेटी जाड लाकडाची, उचलणारे आठ जण. दोन्ही दारं उघडणं भाग होतं. अकराला पाच कमी असताना मी अंगावरचं तागाचं सुतकी जाकीट सावरलं आणि रिमोट दाबला.

टक् झालं. बाकी काही नाही.

"सेंग, उघड ना," बायको म्हणाली. तिचं नाव म्यू लान. तीन दिवस ती झोपली नव्हती.

मी फाटकाच्या वायरिंगचा डबा उघडला. मुंग्या नव्हत्या, फ्यूज शाबूत होता. लाल दिवा मात्र सांगत होता की मध्ये काहीतरी आलंय. मी चक्रं हलवली. खुर्च्या हलवल्या. मग माणसं हलवली. पुजाऱ्यांनाही चार पावलं मागं घेतलं. दिवा लालच.

"एका दारातून नेऊ या का?" मी विचारलं.

"तिरका करून?" आत्या म्हणाल्या. "जावईबापू, माझा भाऊ काय कपाट आहे?"

वीज तोडून उपयोग नव्हता. वीज गेली तरी दांडा आहे तिथे घट्ट राहतो, हे मीच सासऱ्यांना अभिमानानं सांगितलं होतं. तो सुटा करायला एक चावी लागते. ती सासरे कायम खिशात ठेवायचे, कारण त्यांचा माझ्या कामावर भरवसा नव्हता.

"बाबांच्या अंगावर कुठली पँट आहे?" मी हळूच विचारलं.

"तपकिरी," म्यू लान म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "सेंग. नाही."

"पेटीला चारच खिळे आहेत गं..."

पुजाऱ्यांच्या झांजा थांबल्या. आठही जण माझ्याकडे बघायला लागले.

"खिसे मी माझ्या हातानं शिवलेत," आत्या शांतपणे म्हणाल्या. "गेलेल्या माणसानं काही घेऊन जायचं नसतं. चावी पहिल्याच दिवशी काढून तुमच्या हातात दिली होती."

दिली होती. तेव्हा मी रडत होतो. कुठे ठेवली ते आजही आठवत नाही.

अकरा वाजून सहा मिनिटांनी मी ग्राइंडर आणला. सुतकी जाकिटावर ठिणग्या उडवत दांडा दारापासून कापला, आणि दार हातानं ढकललं. ते इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. बाबा रोज दोन-दोन ढकलायचे. मला तिथंच रडू फुटलं. बाबा अकरा वाजून बारा मिनिटांनी बाहेर पडले.

दुपारी परतल्यावर आत्या लाल कागद काढत फिरत होत्या. मी खुर्चीत टेकलो आणि खिशातला रिमोट दाबला गेला. कापलेला दांडा नुसत्याच हवेत सरकला आणि मी ठरवलेल्या हद्दीवर केसाएवढाही न चुकता थांबला.

आत्या खांबावरच्या सेन्सरजवळ उभ्या होत्या. हातात लाल कागदाचा तुकडा.

"हा पण आरसाच की," त्या म्हणाल्या. "माझे पांढरे केस दिसले यात."

नवा दांडा मी बसवलेला नाही. संध्याकाळी म्यू लान हॉर्न वाजवते, मी चपला फरफटत जातो, दोन्ही दारं ढकलतो आणि विचारतो, "जेवलीस का?"

"आधी उघड तरी," ती म्हणते. "बाबा एका हॉर्नला यायचे."