मेहुण्याची साखर

डोळे तपासायला कुणी कचरलं, की चष्मेवाले हसून म्हणत, "अहो, तपासणीला काय घाबरायचं? आहे ते कळतं, एवढंच." आणि हेच चष्मेवाले विम्यासाठी रक्त तपासायचं ठरल्यापासून आठ दिवस धड जेवले नव्हते.

विम्याचा हट्ट बायकोचा. शेजारच्या घड्याळवाल्याला मोठं आजारपण आलं आणि उपचारात दुकानच गेलं, तेव्हापासून शाळेत शिकवणाऱ्या या बाईंनी धोशा लावला होता. "गंभीर आजार निघाला की एकरकमी पैसे मिळतात. उद्या तुम्ही अंथरूण धरलंत, तर लेकीचं शिक्षण मी खडू विकून करू?" फॉर्म तिनंच भरला, मोबाइल नंबरही स्वतःचाच दिला. चष्मेवाल्यांच्या वडिलांना मधुमेह होता आणि यांना चहात तीन चमचे साखर लागे. आपल्यालाही तो झालेलाच आहे, याबद्दल त्यांना काडीची शंका नव्हती.

मग त्यांना मेहुणा आठवला. बायकोचा धाकटा भाऊ, रोज तासभर वजनं उचलणारा. सगळे त्याला पैलवानच म्हणत. त्याला त्यांनी सकाळी उपाशीपोटीच दुकानात बोलावून घेतलं.

"माझ्या नावावर फुकट तपासणी आलीय. माझी नुकतीच झालीय, तू करून घे. नाव विचारलं तर माझं सांग."

फुकट म्हटल्यावर पैलवानानं बाही वर केली. विमा कंपनीकडून रक्त घ्यायला दुकानात आलेल्या माणसानं चष्मेवाल्यांचं ओळखपत्र पाहिलं. त्या फोटोत चष्मेवाल्यांना त्यांच्या आईनंही ओळखलं नसतं, त्यामुळे काही अडलं नाही.

दोन दिवसांनी पैलवानानं विचारलं, "दाजी, माझा रिपोर्ट?"

"एकदम ठणठणीत!" चष्मेवाले बोलून गेले. रिपोर्ट अजून आलाच नव्हता.

तो आला रविवारी सकाळी, बायकोच्या मोबाइलवर. उपाशीपोटी साखर तीनशे दहा. विमा नाकारला.

"एवढं अंगावर काढलंत आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?" बायकोचे डोळे भरून आले. चष्मेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर मेहुणा. संध्याकाळी सांगू, असं ठरवून त्यांनी दिवसभर मुकाट्यानं बिनसाखरेचा चहा प्यायला.

संध्याकाळी पैलवान आपणहून आला. बहिणीनं घरातलं होतं नव्हतं ते गोड त्याच्यापुढे मांडलं. "यांना साखर निघालीय. हे यांच्या नजरेसमोर नको. संपव तू."

"वाईट वाटतं हो दाजी," म्हणत त्यानं केकचा एक तुकडा संपवला आणि दुसरा उचलला. "तुमच्या वाटचं मी खातो. मला काय धाड भरलीय? तुम्हीच सांगितलंत ना, रिपोर्ट ठणठणीत!"

"कसला रिपोर्ट?" बायकोनं विचारलं.

"अगं, तो फुकटचा. दुकानात रक्त घेतलं ना माझं, दाजींच्या नावानं." दुसरा तुकडा पोटात गेला होता. तिसरा तोंडापाशी पोचला, तशी चष्मेवाल्यांनी झडप घातली.

"टाक तो! ती साखर तुझी आहे!"

केक सतरंजीवर पडला. सगळं बाहेर आलं. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. पण कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे बघावं तशी ती नुसती बघत राहिली. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

सोमवारी तिनं दोघांनाही स्वतः तपासणीला नेलं. पैलवानाची साखर तीनशे तीस. चष्मेवाल्यांची अगदी नॉर्मल, काठावरसुद्धा नाही. तपासणारी मुलगी म्हणाली, "अभिनंदन, काका!" काकांना जमीन दुभंगावी असं वाटलं.

पैलवान रागावला असता तरी चाललं असतं. पण तो दुकानात गिऱ्हाइकांसमोर सांगत सुटला, "डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर डोळ्यांवर गेलं असतं. दाजींनी बळंच तपासणी करवली म्हणून वाचलो! असा माणूस मिळायचा नाही." चष्मेवाले खाली वाकून नसलेला स्क्रू शोधत होते.

महिन्याभरानं बायकोनं दुसऱ्या कंपनीचा फॉर्म आणला. या वेळी तो तिनं भरला नाही, त्यांच्यापुढे सरकवला. सातवा प्रश्न होता: यापूर्वी विमा नाकारला गेला आहे का? असल्यास कारण लिहा.

"'किरकोळ गैरसमज' लिहू?"

"खरं लिहा. जे झालं ते सगळं."

खाली मोजून दोन ओळी सोडलेल्या होत्या. चष्मेवाल्यांनी पेन उघडलं, त्या दोन ओळींकडे पाहिलं आणि मान वर न करता बाईंना विचारलं, "पुरवणी मिळेल?"