बॉयलरचं दुसरं इंधन

जळगावच्या एमआयडीसीतल्या जीवरामशेठच्या सरकी तेलाच्या कारखान्यात बॉयलरच्या भट्टीत कोळसा बंद होऊन कपाशीच्या काड्या पेटल्या, त्या सकाळी कामिनी किती तरी वेळ चिमणीकडे बघत राहिली. आजवर काळाकुट्ट निघणारा धूर पांढरा, पातळ होऊन आभाळात विरत होता. पर्यावरणाचं काम तिच्याकडे होतं. कार्बन शून्यावर नेण्याची वाट धरा, नाहीतर तेल घेणार नाही, असं मुंबईच्या बड्या खरेदीदाराने कळवलं होतं. शेठ आधी चिडले, मग कामिनीच्या हट्टापुढे नमले.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर खानदेशात हिवाळ्यात काय भाजतात, हे सगळ्यांच्या नाकाला पाठ होतं. दुपारपर्यंत अख्खा कारखाना गुंगला. डबे भरणाऱ्या बाया हात थांबवून कुठेतरी लांब बघू लागल्या. हिशेब लिहिणारे अभिमननाना खुर्चीतल्या खुर्चीत बामणोदच्या वांग्यांच्या मळ्यात जाऊन पोचले. कामिनीला तर फायलीवर आईच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी बॉयलर सांभाळणाऱ्या झुलालने भट्टीच्या राखेत वांगी सरकवली. कामिनीने ते पाहिलं, पण ती रागावली नाही, कारण त्यातलं एक वांगं तिचं होतं. मग बायांनी पिशव्या आणल्या. शेजारच्या चटईच्या कारखान्यातली माणसं कुंपणावरून वांगी देऊ लागली. भट्टीचं दार सारखं उघडं, त्यामुळे वाफ उतरली, तेलाचे घाणे रेंगाळले. शेठ तावातावाने जाब विचारायला आले. पण भट्टीपाशी आपल्याच घरचं पोतं दिसलं. ते शेठाणी शेवंताबाईंनी पाठवलं होतं. शेठ आल्या पावली परत गेले.

अशात कार्बनच्या प्रमाणपत्रासाठी पुण्याहून तपासनीस आला. तेजस नावाचा, फार कळकळीचा तरुण. त्याने राख उकरायला लावली, तर खालून काळे गोळे निघाले.

"हे काय आहे?"

"इंधन," कामिनीच्या तोंडून निघून गेलं.

"कशाचं?"

आता खोटं बोलायला तिला सुचेना. "वांग्याचं."

तेजसचा चेहरा उजळला. भाव पडला की शेतकरी रस्त्यावर माल ओततात, तो सडतो, त्यातून हवा तापवणारा वायू निघतो. तोच माल तुम्ही भट्टीत वापरता, हे त्याने स्वतःच तिला समजावून सांगितलं. मग हे इंधन पेटताना पाहायचं आहे, असं म्हणाला.

पोती समोर होती. आजचं सगळ्यांचं जेवण त्यात होतं.

"ताई, बठ्ठा वांगा टाकी देऊ का?" झुलालने विचारलं. सगळीच्या सगळी टाकायची म्हणताना त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

कामिनीने मान हलवली. भट्टी भरली. हवेत तो वास दाटला आणि सगळे जागच्या जागी वास घेत राहिले. तेजसनेही डोळे मिटून घेतले. या वासाने भूक लागली म्हणाला. त्याला सगळ्यांसोबत भाकरी, तेल आणि तिखट मिळालं. इतकं साधं जेवणारी माणसं आपण पाहिली नाहीत, असं सांगून तो गेला.

महिन्याभराने प्रमाणपत्र आलं. ते वाचून शेठनी कामिनीला बोलावलं. मुख्य इंधन कपाशीच्या काड्या, दुसरं इंधन वांगी. दोन्ही दर आठवड्याला भट्टीत घातली नाहीत, तर प्रमाणपत्र रद्द.

"म्हणजे आता आठवड्याला पोतंभर वांगी जाळायची?" शेठनी विचारलं.

कामिनीने कागद पुन्हा सावकाश वाचला.

"भट्टीत घालायची, असं लिहिलंय शेठ. बाहेर काढू नका, असं कुठे लिहिलेलं नाही."

शेठनी खिडकीबाहेरच्या पांढऱ्या धुराकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी घरी फोन लावला आणि शेवंताबाईंना विचारलं, कळण्याचं पीठ किती दळून ठेवलंय.