दहा लक्ष एक हिच्या गोताची हकीकत

श्रीगजाननास नमन, त्यापाठी शून्यास नमन, ज्याच्या टेकूवाचोन थोर संख्या उभी राहात नाही. शके सतराशे एकोणतीस, प्रभव नाम संवत्सरी, संख्यांच्या राज्यात दहा लक्ष एक नामे कन्या दरबारी आणिली. रूप कैसे? अग्री एक, अंती एक, मध्ये पाच शून्ये. उजवीकडोन वाचा की डावीकडोन, मुखडा तोच. सभा तोषली आणि परीक्षक त्रिंबकपंत यांस आज्ञा जाहली की, कुळ ठरवावे. राज्याचा दंडक ऐसा की, जीस दुसरे कोणी निःशेष भागील, तिने त्या भाजकांचे घरी नांदावे. आणि जीस एक व स्वतः यांवाचोन भाजक नाही, ती मूळ संख्या, तिने डोंगरावरील गडी मानाने, परंतु एकलीच राहावे. मग पंतांनी पाढे काढिले. दोहोंनी भागिली, एक उरला, म्हणोन विषम लिहिली, आणि तिहींनी भागिली, दोन उरले, आणि सातांनीही दोन उरले, ऐसे करीत तीसाचा पाढा सरला आणि पंतांनी पागोटे सावरोन निकाल दिधला, "मूळ आहे. गडावर पाठवा."

कन्येचे डोळे भरले. "तिथं माझ्याशी बोलणार कोण?"

"एक आहे की!"

"एक तर सगळ्यांकडेच असतो, काका."

तो चिमाबाई दाई, तान्हे खांद्यास घेवोन, पुढे जाहली. "पंत, तीसावरच का हो थांबलात?"

"बाई, तीसापुढे पाढा येतो कोणास?"

"म्हणून तीसापुढे कोणी राहातच नाही होय? हे आमचं तीस झोक्यांत निजतं का? शंभर द्यावे लागतात, वर शकुनाचा एक. त्या एकशे एकाला विचारा की!"

सभा खदखदली. पंतही हसले, आणि म्हणाले, "बरं. मांडा रांगा."

मग मैदानी दहा लक्ष एक चिंचोके ओतिले, आणि एकशे एकांची एकेक रांग बायापोरांनी मांडिली, आणि सात दिवस हेच चालले. नऊ हजार नऊशे रांगा पुऱ्या जाहल्या आणि टोपलीत थोडके उरले. एक जरी उणा निघाला तरी गड. पंत स्वये मांडी घालोन मोजो लागले, आणि कन्येने चिमाबाईचा पदर घट्ट धरिला. रांग भरली. टोपली रिती.

"पोरी!" म्हणोन एकशे एक धावले, पाठोपाठ नऊ हजार नऊशे एक धापा टाकीत आले. "आम्ही इथंच होतो गं. कोणी विचारलंच नाही!"

मग पंतांनी दप्तरी लिहिले की, कन्या संयुक्त. परंतु स्वतःस वगळोन भाजकांची बेरीज दहा हजार तीन, ती तिजहून उणी, म्हणोन वर्ग न्यून.

"न्यून म्हणे!" चिमाबाई बोलिली. "लिहा बापडे, पण मोठ्यानं वाचू नका."

एवंच, दहा लक्ष एक विषम, दोहीकडोन सारखी, भाजक चार. ते दिवशी दोघांचे मधोमध बैसोन जेविली, आणि तिसऱ्यांदा भात मागितला.