चाललो, बसलो

चालण्याच्या बाबतीत आमचं खानदान एकदम पक्कं! आजोबा नागपूरहून रायपूरला पायी आले होते, असं आजोबाच सांगत. त्यामुळे निवृत्त झालो त्याच संध्याकाळी मी घरात जाहीर केलं, "एकट्यानं, पायी, नर्मदा परिक्रमा करणार!"

विजया मेथी निवडत होती. बायकोनं अशा वेळी निदान मान तरी वर करावी!

"आधी रायपूर ते राजिम एका दिवसात चालून दाखवा. पंचेचाळीस किलोमीटर. वाटेत गाडी बोलावलीत, तर परिक्रमेचं नाव काढायचं नाही!"

"मले काय समजून राहिली तू? मंजूर!"

आदल्या दिवशी सदर बाजारातून कोरे करकरीत बूट आणले. पहाटे पाचला चौबे कॉलनीतून निघालो. निरोपाला शेजारच्या साहूजींचं कुत्रं तेवढं फाटकापर्यंत आलं.

पहिले दहा किलोमीटर मी नुसता उडत होतो. पंधराव्याला बूट चावू लागले. विसाव्याला मी बुटांशी बोलू लागलो. अठ्ठाविसाव्याला अभनपूर आलं आणि चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर मी स्वतःला टाकून दिलं. बूट काढले. दोन्ही टाचांवर पुरीसारखे टम्म फोड!

"भैया, राजिम अभी दूर है क्या?"

"हव," टपरीवाला म्हणाला.

"बहुत दूर?"

"हव."

"थोड़ा आराम कर लूँ?"

"हव!" या वेळी तो छत्तीसगढी होकार मला फार गोड लागला.

आता काय करावं? गाडी बोलावली तर परिक्रमा गेली. चाललो तर पाय गेले! विजयाला मेसेज टाकला, "अभनपूरपर्यंत चाललो. आता बसलो." आणि फोन बंद करून टाकला. तिचा आवाज ऐकला असता, तर मी रडलोच असतो.

त्यानंतर घरी काय झालं, ते मला मागाहून कळलं. विजया मूळची सांगलीची. तीस वर्षं रायपुरात काढली, पण तिचं हिंदी अजून सांगलीतच राहतं! साहूजी बागेला पाणी घालत होते. त्यांनी कुंपणावरून विचारलं, "भाभीजी, भाईसाहब नहीं दिखे आज?"

तिनं माझ्या मेसेजचा जसाच्या तसा अनुवाद केला, "वो तो अभनपुर में चल बसे!"

चालले आणि बसले. तिच्या हिशेबानं सगळं बरोबर होतं. पण हिंदीत माणूस एकदा 'चल बसला' की पुन्हा उठत नाही हो!

साहूजींच्या हातातली नळी खाली पडली. "कब?"

"अभी अभी. मेसेज आया."

"किसका मेसेज?"

"उनका ही!"

"भाभीजी को सदमा लगा है," साहूजी बायकोकडे वळून पुटपुटले. "अकेले थे?"

"हाँ. बहुत दिनों की इच्छा थी. मैंने ही बोला, जाओ एक बार!"

"और... अब आगे?"

"आगे राजिम. संगम पर."

राजिमच्या संगमावर इकडची माणसं अस्थी घेऊन जातात. साहूजींना पुढचं काही विचारावंच लागलं नाही. साहूवहिनींनी विजयाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. विजयाला वाटलं, काय माया आहे या लोकांना! माणूस नुसता चालायला गेला तरी रडतात! तिनंही दोन टिपं गाळली आणि साहूजींनी जीप काढताच माझ्यासाठी गुळाच्या पोळ्या बांधून घेतल्या. वाटेत साहूजींनी बर्फाच्या दोन लाद्या घेतल्या.

"शरबत के लिए?" तिनं कौतुकानं विचारलं.

साहूजी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

जीप टपरीसमोर थांबली तेव्हा माझा तिसरा समोसा चालू होता. साहूजी हातात झेंडूचा हार घेऊन उतरले.

"अरे साहूजी! आप?"

ते हारासकट मटकन खाली बसले. "भाभीजी तो बोलीं, आप चल बसे!"

"हव," टपरीवाला म्हणाला. "चल के आए, तब से यहीं बसे हैं."

मग साहूजींनी मला असं कवटाळलं, की समोसा दोघांच्या मध्ये चेंगरला. विजयाला अर्थ कळला तेव्हा ती आधी पांढरीफटक पडली. मग तिनं माझ्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. "फोन का बंद केलात?" म्हणत ती रडू लागली. जिवंत असल्याचा इतका आनंद मला आजवर कधी झाला नव्हता!

पाच मिनिटांनी माझे दोन्ही पाय बर्फाच्या लादीवर होते. आपल्याच मयताचा बर्फ इतका सुखाचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"गाडी तुम्ही बोलावली नाही," विजया डोळे पुसत म्हणाली. "म्हणजे अट मोडली नाही. राजिम सतराच किलोमीटर राहिलंय. चालताय?"

मी बुटांकडे पाहिलं.

"मले नाही जायचं कुठंच! ना राजिमले, ना नर्मदेले!"

बोलून गेलो आणि जीव असा हलका झाला म्हणून सांगू! ती हसली. तिनं जीपचं दार उघडलं आणि म्हणाली, "चला, बसा!"

साहूजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "भाभीजी, हाथ जोड़ता हूँ, फिर से मत बोलिए!"