आपल्या वतीने वाचून दिले जाईल

लघुकथा वाचल्याने माणूस घडतो, याबद्दल ती न वाचणाऱ्यांतही पूर्ण एकमत आहे. किंबहुना न वाचणाऱ्यांत ते जरा जास्तच आहे. वाचणारे मध्येच कुठलीतरी फसलेली कथा आठवून घोळ घालतात.

आमच्या इंदिरानगरातलं लघुकथा वाचन संवर्धन मंडळ याच एकमतावर उभं आहे. मंडळाची बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये होते. (हॉलमध्ये कुणाचा वाढदिवस असल्यास पार्किंगमध्ये होते.) भिंतीवर कथावाचनाचे फायदे लॅमिनेट करून लावले आहेत. वाचकांसाठी: एका बैठकीत संपते, शब्द वाढतात, आणि दुसऱ्याच्या घरात डोकावल्याचं समाधान चपला न काढता मिळतं. होतकरू लेखकांसाठी: सुरुवात कुठून करावी, काय गाळावं आणि गप्प कधी बसावं, हे कळतं. शेवटच्या मुद्द्यावर मंडळात अजून बरंच काम व्हायचं आहे.

मंडळाची अडचण एकच होती. कथा कुणी वाचत नव्हतं.

याला सभासदांचा दोष म्हणता येणार नाही. सगळेच होतकरू लेखक असल्यामुळे ते लिहीत होते, आणि लिहिणाऱ्याला वाचायला वेळ कुठून मिळणार? प्रफुल्ल सरांचं कारण तर तात्त्विक होतं. "दुसऱ्याचं वाचलं की आपल्यावर छाप पडते," असं ते म्हणत. सरांवर आजवर कुणाचीही छाप पडलेली नाही, हे त्यांच्या कथा ऐकल्यावर कुणीही मान्य करील.

मार्ग काढला तो ढुंढिराजकाकांनी. काका मंडळाचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेले, पण मूळचे पंचवटीतले. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या यजमानांसाठी पारायणं होत आली आहेत.

"अहो, यजमान बसलाय कॅनडात," काका म्हणाले. "तिकडे त्याची रात्रीची झोप चाललीय. इकडे त्याच्या नावाने संकल्प सोडून आमचा पुतण्या पोथी वाचतोय. फळ कुणाला? यजमानाला! मग लघुकथेनेच काय घोडं मारलंय?"

हॉलमध्ये सगळे एकमेकांकडे बघू लागले. इतकी सरळ गोष्ट आजवर कुणाच्याच डोक्यात कशी आली नाही, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं.

ठराव झाला. कार्यपद्धती अशी: सभासदाने उजव्या हातावर पळीभर पाणी घ्यावं, स्वतःचं नाव सांगावं, गोत्राच्या जागी लेखनप्रकार सांगावा (ग्रामीण, विनोदी, भय इत्यादी), अमुक कथा आपण वाचत आहोत असं म्हणून पाणी ताम्हनात सोडावं, आणि घरी जावं. ती कथा नियुक्त वाचकाने मोठ्याने वाचावी. मनातल्या मनात वाचल्यास फळ धरलं जाणार नाही.

नियुक्त वाचक म्हणून माझं नाव एकमताने पुढे आलं.

"रूपाली घरीच तर असते," पायल म्हणाली. पायल भयकथा लिहिते आणि दिसते मात्र फार गोड.

हे खरंच आहे. सई तीन वर्षांची असल्यामुळे मी घरी असते. (घरी असून काय करते, हा विषय मंडळाच्या कक्षेत येत नाही.)

मी कामाला लागले. मध्यम लांबीची कथा साधारण वरणभाताच्या कुकरात बसते, असा माझा अनुभव आहे. कौटुंबिक कथा सईच्या आंघोळीला चालते. भयकथा भरवताना वाचू नये, घास तोंडातच राहतो. मोठ्याने वाचायचं असल्यामुळे सगळं सईच्या कानावर पडायचं. परिच्छेद संपून मी श्वास घेतला की ती विचारायची, "मग?" लॅमिनेट केलेल्या फायद्यांत हा शब्द कुठेच नाही.

आणि काय सांगावं, सभासदांना गुण येऊ लागला.

"परवापासून माझी वाक्यं आपोआप लहान होतायत गं!" पायलने फोन करून सांगितलं.

प्रफुल्ल सर तर जिन्यातच भेटले. "मला शेवट दिसायला लागलेत, रूपाली. काल माझ्या नावाची वाचलीस ना?"

"नाही हो सर. काल सईला ताप होता."

"तरीच. दुपारनंतर दिसेनासे झाले."

तक्रारीही आल्या, नाही असं नाही. एका सभासदाच्या रहस्यकथेत कारण नसताना एक लहान मूल शिरलं आणि तिथेच झोपलं. कथा वाचताना माझ्या मांडीवर कुणी होतं का, अशी लेखी विचारणा झाली. मी होय म्हणून कळवलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. गडबड माझ्यामुळे झाली. मी एक कथा लिहिली.

सईच्या दुपारच्या झोपेत लिहिली. ती कूस बदलायची तेव्हा मी वाक्य बदलायचे. कथा मखमलाबादच्या पुतळाबाईंची. त्या झेंडूचे हार विकतात, आणि रोज संध्याकाळी त्यांच्या पाटीत एक हार उरतोच. त्या तो घाटावर जाऊन गोदावरीत सोडतात आणि घरी जातात. संपली कथा.

संपली, पण शेवट मला टोचत होता. चुकला होता म्हणावं तर कुठे, ते सापडत नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की कुणीतरी एकाने कथा शेवटपर्यंत वाचावी आणि सांगावं. एकच माणूस. रात्री मी नवऱ्याला विचारलं. ललित अंबडला कारखान्यात आहे. पाळी संपवून आलेला.

"वाचतो ना, रविवारी निवांत," तो म्हणाला. मग जरा विचार करून उत्साहाने म्हणाला, "नाहीतर असं कर, माझ्याही नावाने पाणी सोड की!"

रविवारी मी बैठकीत कथा ठेवली. "कुणीतरी वाचा हो," एवढंच म्हटलं.

मंडळाने दाखवलेला जिव्हाळा मी कधी विसरणार नाही. एकाने नाही, सगळ्यांनी हात पुढे केले. काकांची पळी पुरेना. ताम्हन भरून सतरंजीवर ओघळ आला. इतके वाचक एका बैठकीत मिळालेली लेखिका आमच्या वॉर्डात तरी दुसरी नसेल.

मग सगळे घरी गेले, आणि नियमानुसार कथा नियुक्त वाचकाकडे आली.

मी ती वाचली. काकांसाठी भाजी निवडताना, पायलसाठी कपडे वाळत घालताना, प्रफुल्ल सरांसाठी बागेतल्या झोपाळ्यापाशी. ललितसाठी त्याचा डबा भरताना. दर वेळी पुतळाबाईंनी हार पाण्यात सोडला, आणि दर वेळी मला तिथेच टोचलं.

पुढच्या बैठकीत अभिप्राय झाले. "शेवट अप्रतिम," काका म्हणाले. "अंगावर काटाच," पायल म्हणाली. प्रफुल्ल सर तेवढे स्पष्टवक्ते. "शेवट जरा उरकल्यासारखा वाटला. माझ्या वाचनाच्या वेळी दमली होतीस का?"

सई मंडळाची सभासद नाही. तिच्या नावाने कुणी पाणी सोडलेलं नाही. ती नुसती तिथे असते. एका दुपारी मी पुन्हा कथा वाचत होते, कुणाची बाकी राहिली होती आठवत नाही. शेवट आला. सईने "मग?" विचारलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

"आई, हार भिजला."

"हो गं. नदीत सोडला ना त्यांनी."

"का?"

"उरला म्हणून."

"मग त्यांनाच घाल ना!" सई म्हणाली, आणि मी अजून हललेही नाही हे बघून चिडली. "पुतळाबाईंना घाल! त्यांना कुणी घातलाच नाही!"

मी वाटाण्याच्या शेंगा बाजूला ठेवल्या आणि पुतळाबाईंना हार घातला. त्या आधी नको नको म्हणाल्या. मग पदर सारखा करून तशाच, गळ्यात झेंडू घेऊन, शहर बसमध्ये चढल्या. टोचायचं थांबलं.

बदललेला शेवट मी रीतसर मंडळासमोर ठेवला. काका म्हणाले, अप्रतिम. पायलच्या अंगावर काटाच आला. शेवट बदलला आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तीन वर्षांच्या व्यक्तीच्या मताची नोंद घेण्याची घटनेत तरतूद नसल्यामुळे तशी नोंद कुठेही नाही.

मंडळाचं कार्य आता वाढतं आहे. आपल्यासारख्या रसिकांसाठीही ही सेवा खुली केली आहे. आपण सुरुवात वाचली असेल, मधलं नजरेखालून घातलं असेल, आणि शेवट काय ते बघायला थेट इथे उतरला असाल, तर मनाला लावून घेऊ नका. आपल्या नावाने ही कथा मी आज सकाळीच, वरणाला फोडणी देता देता, वाचून टाकली आहे.

आपल्याला ती आवडली. शेवट तर फारच.